तात्यांना वाढवायचं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. बी.ए. झाल्यापासून पुढची सात वर्षं मी रक्त पिणाऱ्या मेलेल्या माणसांचा एक खेळ चालवला. त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही आणि आता पन्नाशी उलटल्यावरही वाटत नाही. आमच्या नातेवाइकांत हा विषय निघाला की अजूनही कुणीतरी घसा खाकरतं आणि हवापाण्याचं बोलायला लागतं. परवा भाचीने विचारलं, "मावशी, तू म्हणे भुताखेतांचा खेळ खेळायचीस?" मी म्हटलं, भुताखेतांचा नाही गं, रातकऱ्यांचा. आणि खेळायचे नाही, चालवायचे. हा फरक तिला कळला नाही. माझ्या घरच्यांनाही तो कळायला तीन वर्षं लागली, आणि ज्या दिवशी कळला त्या दिवसाचंच हे प्रकरण आहे.

आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यात. गुलाब, शेवंती, निशिगंध आणि दसऱ्याच्या आधी जिकडेतिकडे झेंडू. घराला लागून पत्र्याची मोठी शेड होती. मळ्यातून आलेली फुलं तिथे ओल्या गोणपाटाखाली पडलेली असत आणि रविवारी दुपारी सोमवारच्या बाजारासाठी हार-गजरे ओवायचं काम चाले. उन्हाने पत्रे कडकड वाजत, विहिरीवरच्या मोटारीची धडधड सतत कानात असे, आणि त्यात आत्याचा रेडिओ. निशिगंधाचा वास इतका घट्ट बसलेला असे की भाकरीलाही तो येतो असं वाटायचं. मैत्रिणीला नि दोघा मित्रांना घेऊन दर रविवारी शेडमध्ये बसणार आहे, असं मी आईला भीत भीत सांगितलं तेव्हा तिने खेळ कसला हे विचारलंच नाही. तिची एकच अट होती. "बसायचं तर बसा, पण हात चालले पाहिजेत." म्हणून आमच्या खेळातले खून, फितुऱ्या, शापउःशाप हे सगळं सुई-दोरा हातात घेऊन झालेलं आहे. एखाद्याचा गळा घोटायचा प्रसंग आला की किशोरची सुई थांबायची आणि आतून आईचा आवाज यायचा, "थांबलं का रे काम?"

हा खेळ आणला जयंताने. जयंता मनमाडचा, वडील रेल्वेत. नाशिकला शिकायला तो रोज गाडीने येऊन-जाऊन करायचा. मुंबईच्या कुणा मित्राकडून त्याने एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स मिळवली होती, स्पायरल घातलेली, विटेएवढी जाड. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि त्याच्या वतीने बोलायचं, ठरवायचं. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. तसले दहा बाजूंचे फासे आमच्याकडे कुठले असायला? आम्ही चिंचोके मधोमध फोडले. गोष्टीतल्या माणसाच्या अंगात जितकी ताकद तितके चिंचोके स्टीलच्या पातेल्यात टाकायचे आणि पांढरी बाजू वर आलेले मोजायचे. पुस्तकात परदेशातले किल्ले होते, सरदार-उमराव होते आणि ज्यांची नावं उच्चारता येत नाहीत अशी शहरं होती. दोन रविवार आम्ही त्यात चाचपडलो. तिसऱ्या रविवारी मी ती वीट बाजूला ठेवली आणि म्हटलं, हे सगळं नाशकात घडतंय. पेशवाईची शेवटची वर्षं आहेत. गोदावरीच्या घाटावर माणसं मरताहेत आणि त्यांच्या अंगात रक्ताचा थेंब नाही.

त्यांना वेताळ, खवीस असलं काही म्हणायचं नाही हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. ते शब्द इतर गोष्टींत वापरून झिजलेले होते. शेत करतो तो शेतकरी, तसा रात करतो तो रातकरी. हा शब्द माझा आहे. कुणी वापरला तर माझी हरकत नाही, पण माझा आहे. आणि गोष्ट सांगणाऱ्याला किशोरने नाव दिलं मुकादम. किशोर सटाण्याकडचा, वसतिगृहात राहायचा, साल्हेरच्या किल्ल्यावरचा एक मेलेला पहारेकरी तो आमच्या खेळात झाला होता. चौथी वैजू, माझी कॉलेजातली मैत्रीण, शिंप्याची मुलगी. ती झाली होती देवळाबाहेर फुलं विकणारी सगुणा, जी एका रात्रीत रातकरीण झाली आणि पुढे दीडशे वर्षं, जणू ती झालीच नाही, इतक्या हुशारीने वागली. पेशवाई संपली, गोरे साहेब आले, पुढे जयंताच्या हट्टापायी आगगाडीही मनमाडला आली. तिघांचे तीन रातकरी मात्र तसेच राहिले, न म्हातारे होता, न मरता. त्यांच्यासाठी मी वाचनालयात बसून जुनी गॅझेटियरं उपसली. घाटावर दिवाबत्ती कोण करायचं, वेशीची किल्ली कुणाकडे असायची, दुष्काळात लोक काय खायचे, हे सगळं माझ्या दोनशेपानी वह्यांत उतरवलं. इतिहास मी कॉलेजात शिकले असं माझ्या प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे. ते खोटं आहे. इतिहास मी रातकऱ्यांसाठी शिकले.

आणि भाषा शिकले आत्याकडून. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, शेडवर तिचंच राज्य. तिला अशुभ शब्द चालत नसे. "जाते म्हणू नाय गं, येते म्हणावं." "दिवा विझव नाय, वाढव म्हणावं." हे दिवसातून दहादा. एकदा वैजू घरी निघाली, एक चप्पल पायात, आणि सवयीने ओरडली, "काकू, येते हं!" आतून आई म्हणाली, "ये हं." वैजू तिथेच थबकली. आमच्या खेळात असा नियम होता की घरच्यांनी या म्हटल्याशिवाय रातकऱ्याला उंबरा ओलांडता येत नाही. वैजू एका पायावर उभी राहून म्हणाली, "शैले, अगं आपल्याकडे निघतानाच येते म्हणायचं आणि घरच्यांनी ये म्हणायचं! म्हणजे एकदा आत शिरलं की पुढचं आमंत्रण मिळालंच की!" यावर आम्ही तीन रविवार भांडलो. शेवटी मी निकाल दिला, धरायचं. त्या इंग्रजी पुस्तकात हे सापडणं शक्यच नव्हतं. तसाच आत्याचा दिवाही आम्ही उचलला. रातकऱ्याला मारलं म्हणायचं नाही, तो मेलेलाच असतो. त्याला वाढवला म्हणायचं.

आता तात्यांबद्दल. तात्या म्हणजे माझे थोरले काका, घराचे कर्ते. वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. कुणावर हात उगारला नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही. पण ओसरीवरच्या खाटेवरून ते उठत नसत आणि त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे पाटाचं पाणीसुद्धा वाफ्यात वळत नसे. बी.ए. झाल्यावर मला पुण्याला जाऊन इतिहासात एम.ए. करायचं होतं. तात्या म्हणाले, "इतिहास काय, घरबसल्या वाचता येतो. पुस्तक आणून देऊ." आणि आणून दिलं ते पंचांग. माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायचे, ते थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर नव्हते. आई तर थोरल्या दिरासमोर बोलतच नसे, पदर पुढे ओढून आत जायची. त्यामुळे शेडमधल्या त्या चार तासांची किंमत मला जितकी होती तितकी इतर तिघांना नसणार. रविवारी एक ते पाच माझा शब्द शेवटचा असे. मी म्हटलं पूर आला, की पूर यायचा. त्या घरात दुसरीकडे कुठेही माझा शब्द शेवटचा नव्हता, बहुतेक वेळा तो मोजतच नसत.

म्हणून माझ्या गोष्टीत पंचवटीतल्या एका माडीवर सगळ्या रातकऱ्यांचा एक म्हातारा मुख्य बसलेला होता, आणि त्याचं नाव होतं तात्या. नाव सुचेना म्हणून ठेवलं, असं मी त्या तिघांना सांगितलं होतं. बाहेर कुणी विचारलं तरी तेच सांगायचे. ते खोटं होतं. जुन्या नाशकात हजार नावं होती आणि ती सगळी माझ्या वहीत होती.

तिसऱ्या वर्षीचा चैत्र. मी पुण्याचा फॉर्म पुन्हा मागवला होता आणि पालकाच्या सहीसाठी तो तात्यांच्या उशाशी पंधरा दिवस पडून होता. इकडे खेळात आमचे तिघे दोन वर्षांच्या कटकारस्थानानंतर त्या माडीच्या जिन्यापर्यंत पोचले होते. पाच वाजले म्हणून मी वही मिटली. मोटार धडधडत होती, तिच्यावर आवाज चढवून वैजू ओरडली, "पुढच्या रविवारी तात्यांना वाढवायचं! सगळ्यांनी मिळून!" दारात आत्या फुलांची पाटी घेऊन उभी होती. तिने ऐकलं, "तात्यांना वाढायचं."

वाढवायचं आणि वाढायचं. मधलं एक अक्षर मोटारीने खाल्लं. आत्याने धरलं ते असं, की पोरगी आणि तिचे दोस्त मिळून तात्यांना जेवायला वाढणार आहेत. तिला भरून आलं. काकापुढे पोरगी नमली, सही मिळावी म्हणून का होईना, पण नमली. तिने ते तात्यांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि मला मात्र सांगितलं नाही. मला वाटतं, आपल्याला कळलंय हे मला कळू नये आणि माझी गंमत जाऊ नये, असं तिच्या मनात असेल.

पुढच्या रविवारी स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. आत्या खापरावर मांडे करायची, ते वर्षातून एकदोनदाच. मी विचारलं, कोण येणार आहे? आत्या नुसती हसली. जयंता, किशोर आणि वैजू आले तर शेडमध्ये फुलांच्या गोण्या सरकवून जागा झाडलेली, मध्ये पाट, पाटाभोवती रांगोळी. समोर ताट. मांडे, तूप, कटाची आमटी, भात, कुरडई, वर लिंबाची फोड. आणि ओसरीवरून चालत, धुतलेलं धोतर आणि टोपी घालून, तात्या येत होते. मागे दादा. तात्यांना शेडमध्ये आलेलं मी त्या वर्षात पहिल्यांदाच पाहत होते.

ते पाटावर बसले. आम्हा चौघांकडे त्यांनी प्रसन्न चेहऱ्याने पाहिलं. "गोदा म्हणाली मला," ते म्हणाले. गोदा म्हणजे आत्या. "लय बरं वाटलं. पोरांना जाण हाय. आन शैले, तुझ्या त्या फॉर्मचंबी बघू आपण. वाढा आता."

मला काही उमगेना. वैजूला आधी उमगलं आणि तिने तोंडात ओढणी कोंबली. जयंता वही हळूच गोणपाटाखाली सरकवू लागला. तेवढ्यावर निभावलं असतं. आम्ही तूप वाढलं असतं, तात्या जेवले असते, सही झाली असती. पण किशोर हा अत्यंत सरळ मुलगा होता आणि वैजू हसते आहे म्हणून तात्यांना वाईट वाटेल या भीतीने तो आपल्या अहिराणी वळणात समजूत घालायला पुढे झाला. "तात्या, तुम्ही नाय हो! तुम्हाला नाय वाढवायचं. तो तात्या येगळा शे. तो रक्त पितो. तो तं आधीच मरेल शे!"

तात्यांची नजर जयंताच्या हाताकडे गेली. तात्यांनी हात पुढे केला. "काय लपवतो रे? आण इकडं." जयंताने माझ्याकडे पाहिलं आणि वही दिली. तात्यांनी चष्मा चढवला. पान उघडलं तेही नेमकं तेच, आणि ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचू लागले. "'तात्या माडीवरून उतरत नाहीत. लोक त्यांच्यापाशी येतात. त्यांना विचारल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. ते कोणाला मारत नाहीत. ते फक्त शंभर वर्षं कोणाला हो म्हणालेले नाहीत, आणि त्यावरच ते जगतात.'" त्यांनी चष्मा काढला. "हा मी का, शैले?"

वैजू मान हलवून मला खुणावत होती, नाही म्हण. दादा खाली बघत होते. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. हा पेशवाईच्या काळातला दुसराच कुणी तात्या आहे, असं म्हटलं असतं तर त्यांना ते मानायचंच होतं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. त्याचं उत्तर खोटं द्यायला माझी जीभ वळेना.

"हो," मी म्हटलं.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. तात्यांनी वही मिटून पाटाशेजारी ठेवली. मग ते शांतपणे म्हणाले, आणि शांत होते याचीच मला जास्त भीती वाटली, "ठीक. पोरवय हाय. आक्रस्ताळेपणा करणारा मी नाय. या सगळ्या वह्या चुलीत घाल. ही पोरं उद्यापासून येणार नाय. खेळ बंद. तू हे कर, मी आज, आत्ता, फॉर्मवर सही करतो. पुण्याला जा."

हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे, कारण पुढे लोकांनी गोष्ट फिरवली. तात्यांनी पोरीला कोंडलं असं माझ्या बाजूचे सांगतात आणि पोरीने काकाला शिव्या घातल्या असं त्यांच्या बाजूचे. दोन्ही खरं नाही. त्यांनी मला पुणं देऊ केलं. तीन वर्षं जे मागत होते ते ताटात वाढून दिलं, आणि बदल्यात मागितल्या काय, तर चार वह्या. शहाण्या माणसाने दिल्या असत्या.

"वह्या नाही देणार," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, तो मला आवडला नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं. "वह्या देणार नाही आणि खेळ बंद होणार नाही. सही करायची नसेल तर नका करू."

"माझ्या घरात बसून मलाच मारणार?"

"घर माझंही आहे, तात्या. तुम्ही मला विचारून तरी बघायचं एकदा, मला काय हवंय ते."

तात्या उठले. आमच्याकडे भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. त्यांचा पाय रांगोळीवर पडला, धोतराचा सोगा लागून आमटीची वाटी कलंडली, आणि ते मागे न बघता ओसरीवर गेले. त्यानंतर अखेरपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. शेवटच्या दुखण्यात त्यांना भरवायचं, पुसायचं मीच केलं, तेव्हा सगळे म्हणाले, आता तरी माफी माग. मी मागितली नाही. मी त्यांना पेज भरवत होते, तोंड पुसत होते, आणि ते माझ्याकडून खात होते. आम्हा दोघांना तेवढं पुरत होतं असं मला वाटतं. फॉर्मवर पालकाच्या जागी मी माझीच सही केली. खिडकीतल्या कारकुनाने ती पाहिली, मला पाहिलं, आणि फॉर्म घेतला. पुण्याहून मी एक रविवार आड एसटीने यायचे आणि खेळ आणखी चार वर्षं चालला. खेळातल्या तात्यांना आम्ही पुढच्याच रविवारी वाढवलं. जयंता म्हणत होता, निदान नाव तरी बदल. मी बदललं नाही.

पण त्या दुपारचं राहिलंच. तात्या गेले, त्यांच्यामागे दादा दोन पावलं गेले आणि मध्येच थांबले, धड इकडे नाही की तिकडे नाही. आत्या रडत होती. माझे तिघे मित्र चपला शोधू लागले. मी पातेलं पोटाशी धरून उभी होते. केलं ते बरोबर होतं असं वाटत होतं आणि त्याच वेळी धावत जाऊन तात्यांचे पाय धरावेत असंही वाटत होतं.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. पदर डोक्यावर नव्हता. तिने कलंडलेली वाटी उचलली, आत जाऊन भरून आणली, ताटात जागच्या जागी ठेवली. पाट हाताने पुसला.

"शैले, बस," ती म्हणाली.

"कुठे?"

"पाटावर. ताट वाढलेलं आहे."

आत्या रडता रडता थांबली. "अगं वहिनी, थोरल्याचं ताट ते!"

"थोरले उठले," आई म्हणाली. दादा तिथेच उभे आहेत, ओसरीवर ऐकू जातंय, हे सगळं तिला दिसत होतं आणि तिने आवाज जराही खाली केला नाही. "मी सकाळपासून पुरण वाटलंय. शैले, बस म्हणते ना."

मी पातेलं खाली ठेवलं आणि पाटावर बसले. वैजूने चप्पल काढली, तुपाचं भांडं घेतलं आणि माझ्या पानात धार धरली. सगळे उभे, मी एकटी बसलेली, आणि आई माझ्यासमोर हाताची घडी घालून. पहिला घास मी आईकडे बघत घेतला. दुसराही. मग मी जेवत राहिले, मांडे, आमटी, भात, सगळं, आणि ताट पुसून लख्ख होईपर्यंत उठले नाही.